हात लावायची खोली

माझ्या सहीचा एक अहवाल आहे. सतरा पानांचा, स्पायरल बाइंडिंग केलेला, पहिल्या पानावर रंगीत फोटो. तो मला मागे घ्यायचा होता. दोनदा अर्ज केला, एकदा स्वतः जाऊन तोंड वाजवून आले. मागे घेता येत नाही म्हणे. अहो, भाजीवालीसुद्धा किडकं वांगं बदलून देते! पण अहवाल एकदा सादर झाला की झाला. तेव्हा निदान काय घडलं ते तरी लिहून ठेवते. कोणी वाचो न वाचो.

मी बाई. शाळेतली बाई, दुसरं तिसरं काही नाही. निफाड तालुक्यातल्या खेड्यांतून इतिहास शिकवला, पन्नाशीला स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मालिका बघत बसण्यापेक्षा बरं म्हणून मखमलाबादच्या अंगाला एका ट्रस्टचं छोटंसं वस्तुसंग्रहालय आहे, तिथे जायला लागले. तीन दालनं आणि मागच्या बाजूला एक पत्र्याची खोली. तिन्ही दालनांत पाट्या: वस्तूंना हात लावू नये. मागची खोली मी मागून घेतली आणि तिच्यावर पाटी लावली: कृपया हात लावा. पेंटरनं मला दोनदा फोन केला होता, 'बाई, नये राहिलं का?' म्हणून. म्हटलं, नये राहिलं नाही बाबा, नये काढलंय.

अकरा वर्षं ती खोली चालली. दर बुधवारी जवळच्या शाळेतली सहावीची पोरं यायची. तांब्याचा जुना बंब, धान्य मोजायची पायली आणि अधोली, किल्ली कुठे लावायची तेच कळत नाही असली दोन कुलपं, आणि खापरं. निफाडकडे कोणी द्राक्षबागेसाठी रान सपाट करताना निघालेली जुनी खापरं होती ती. त्यातल्या एका तुकड्याच्या आतल्या बाजूला कुंभाराच्या बोटाची खाच होती. पोरं त्यात आपलं बोट ठेवून बघायची. बसायचं बरोब्बर. मग जरा वेळ कोणी बोलायचं नाही. मला त्या गप्प बसण्याचा फार अभिमान होता. आता म्हणायला हरकत नाही.

पण पोरांचा आवडता उद्योग वेगळा होता. मी कुंभाराकडून नवे माठ आणायची, गोणपाटात गुंडाळून आपटायची आणि तुकडे वाळूच्या परातीत पुरून ठेवायची. पोरांनी ते उकरायचे आणि खळ लावून माठ उभा करायचा. त्यात मी मुद्दाम दुसऱ्याच माठाचा एक तुकडा घालायची. त्याला आम्ही घुसखोर म्हणायचो. जाडी बघून, नखानं वाजवून, कडेवर बोट फिरवून घुसखोर शोधायचा. एका माठाला तीन-तीन बुधवार लागायचे. भांडणं व्हायची, खळ केसात जायची. शाळेतले शिक्षक वैतागायचे.

त्या पोरांत एक झेंडूवाली होती. तिच्या घरच्यांची झेंडू-शेवंतीची शेती, पहाटे तोडणी करून शाळेत यायची, म्हणून तिची बोटं कायम हिरवट-पिवळी. शाळेत ती तोंड उघडत नसे. 'तिला काही येत नाही हो,' असं तिच्या शिक्षकांनीच मला पहिल्या दिवशी तिच्यासमोर सांगितलं. कपाळ माझं! त्याच दिवशी तिनं डोळे मिटून तीन मिनिटांत घुसखोर काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, 'बाई, ह्यो ह्या माठाचा नाय. ह्याची माती लय भाजलेली हाय.' एवढं लांब वाक्य ती बोलली, म्हणून शिक्षकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही जादूटोणा केलाय. पुढे दर बुधवारी ती बोलायला लागली. फक्त बुधवारी, फक्त त्या खोलीत.

आता हातांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं पुढे त्यावरच फिरलं. मी नवीन नोकरीला लागले तेव्हा शाळेत तपासणी आली की हेडमास्तर आम्हाला एक युक्ती शिकवायचे. साहेबांनी प्रश्न विचारला की वर्गातल्या सगळ्यांनी हात वर करायचे. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. साहेबांना वाटतं, वा, सगळा वर्ग हुशार! आणि बाईंना बरोब्बर कळतं, कोणाला उठवायचं. तेव्हा मला लाज वाटली होती या चोरटेपणाची. पण खोली सुरू केल्यावर मी तीच युक्ती उलट्या कामाला लावली. पोरांना सांगितलं, इथे कोणाचा हात खाली राहणार नाही. हो असेल तर उजवा, नाही असेल तर डावा. डावा हात वर करायला लाजायचं नाही, डावा हात म्हणजे खरं बोलणं. पाहुणे आले तरी हीच पद्धत. पाहुण्यांना काही कळायचं नाही आणि आमचं आमच्यात चालायचं. पोरांना याची इतकी गंमत वाटायची की शाळेतसुद्धा ती डावे हात वर करायची आणि शिक्षकांना पत्ता नसायचा.

गेल्या वर्षी ट्रस्टला कोणी देणगीदार भेटला. बारा टॅब मिळाले आणि संग्रहालयाच्या वेबसाइटवर मुलांसाठी शैक्षणिक खेळ तयार झाले. टॅब ठेवायला, चार्जिंगचे बोर्ड लावायला, मुलांना बसायला जागा हवी. जागा एकच, माझी खोली. आमचे चिटणीस पंचाहत्तरीचे, गोड बोलणारे गृहस्थ. म्हणाले, 'बाई, घाई नाही. आधी खेळांचं रीतसर मूल्यमापन होऊ द्या. मुलांना खेळ भावले नाहीत, तर खोली आहे तशी राहील, माझा शब्द. भावले, तर तिथे डिजिटल कोपरा करू आणि वस्तू गोदामात नीट ठेवू. आणि मूल्यमापन तुम्हीच करा. तुमच्याइतकं सरळ माणूस मला दुसरं माहीत नाही.'

इथेच मी नाही म्हणायला हवं होतं. ज्याचं घर पाडायचं त्यालाच मोजणीला उभं करतात का कोणी? पण सरळ माणूस म्हटलं ना मला! एकसष्टाव्या वर्षी कोणी असं म्हटलं की बाई फुगते. मी हो म्हणाले, आणि मनाशी ठरवलं की वजनकाट्याला बोट लावायचं नाही. खोलीवर माझा जीव आहे म्हणून खेळाला एक गुणसुद्धा कमी द्यायचा नाही.

पुण्याच्या एका कंपनीतला तरुण साहेब व्हिडिओवर भेटला. सभ्य मुलगा, प्रत्येक वाक्याला 'मॅम'. त्यानं फॉर्म पाठवले. मूल किती वेळ खेळलं, किती चुका केल्या, खेळ पूर्ण केला का, आनंदाची पातळी. प्रत्येकाला पाचपैकी गुण.

खेळांचं मराठी मशीननं इंग्रजीवरून केलेलं होतं. खेळ संपला की दोन बटणं यायची. एकावर लिहिलं होतं 'पुन्हा नाटक'. दुसऱ्यावर 'शरण या'. पोरं हसून हसून बेजार झाली. मी फॉर्मवर लाल शाईनं लिहून स्कॅन करून पाठवलं. 'शरण या'चं 'सादर करा' झालं. 'पुन्हा नाटक' मात्र शेवटपर्यंत तसंच राहिलं. साहेब म्हणाला, ते सर्व्हरवर आहे.

मुख्य खेळ होता 'माठ जोडा'. म्हणजे माझीच परात, काचेच्या आत. फुटलेल्या माठाचे बारा तुकडे बोटानं ओढून जागेवर न्यायचे. जागेच्या जवळपास नेला तरी तुकडा टुणकन जाऊन चिकटतो. चुकला तर भोंगा वाजतो आणि पाटी येते, पुन्हा प्रयत्न करा. बारा झाले की फुगे उडतात. सगळ्याला मिळून दोन मिनिटं. पोरं पहिल्यांदा ओरडली, दुसऱ्यांदा हसली, तिसऱ्यांदा कोणी तरी शोध लावला की डोळे मिटून बोट कसंही फिरवलं तरी माठ जुळतो. मग तेच चाललं. फॉर्मप्रमाणे बघायला गेलं तर सगळं उत्तम. चुका कमी, खेळ पूर्ण, वेळ भरपूर.

झेंडूवाली अडली. अकरा तुकडे तिनं लावले आणि बारावा बाजूला ठेवून दिला. भोंगा वाजला. तिनं परत बाजूला ठेवला. परत भोंगा. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, 'बाई, घुसखोर.'

मी चष्मा लावून बघितलं. खरंच की! चित्र काढणाऱ्यानं दुसऱ्याच भांड्याच्या फोटोतला तुकडा कापून घातला होता. कड जाड, रंग मळका. खेळाला तो हवाच होता, त्याच्याशिवाय फुगे उडणार नव्हते. मी म्हटलं, 'अगं, त्यांची चूक आहे, लाव आणि मोकळी हो.' तिनं मान हलवली. 'त्याचा नाय तर कसा लावू?' शेवटी शेजारच्या मुलीनं पटकन बोट फिरवून लावला आणि फुगे उडाले. झेंडूवाली दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसली. फॉर्ममध्ये तिच्या नावापुढे आपोआप आलं, चुका सात. शेऱ्यांच्या रकान्यात मी लिहिलं, 'एका चित्रात तांत्रिक त्रुटी.' बस, एवढंच लिहिलं. आता ते वाचते तेव्हा माझ्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आनंदाच्या पातळीसाठी शेवटी पाच तोंडं यायची. रडकं, हिरमुसलं, मख्ख, हसरं आणि खदाखदा हसणारं. सव्वीसच्या सव्वीस पोरांनी खदाखदा दाबलं. मला याचा अर्थ बरोब्बर कळला. शाळेत मूल्यमापन म्हणजे परीक्षा. पोरांच्या डोक्यात बसलेलं की बाईंची परीक्षा आहे आणि पुण्याचे साहेब बघतायत. आपल्या बाईला पास करायला हवं. त्यांच्या शिक्षकांनीही कानात सांगितलं असणारच. म्हणजे ती सव्वीस तोंडं कवडीमोलाची. मी साहेबाला तसं बोलले. तो म्हणाला, 'मॅम, मग आपण लाइव्ह विचारू या ना. मी असेन कॉलवर.'

माझ्या मनात लगेच आलं, हात! साहेबाला दिसतील फक्त वर गेलेले हात. पोरं त्याच्यासमोर लाजणार नाहीत, घाबरणार नाहीत, आणि खरं काय ते मला कळेल. खोलीचा निकाल खोलीच्याच पद्धतीनं. मी स्वतःवर खूश झाले होते.

पुढच्या बुधवारी पोरांना रांगांत उभं केलं. कॉल लावण्याआधी त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं, 'आपली नेहमीची पद्धत, बरं का.' पोरं खुसखुसली. कळलं त्यांना. झेंडूवाली दुसऱ्या रांगेत होती, ती हसली नाही, फक्त मान हलवली.

टेबलावर लॅपटॉप ठेवला, साहेब आला. म्हणाला, 'मॅम, तुम्ही पण फ्रेममध्ये या ना, मुलांच्या पुढे बसा.' मी खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसले. पोरं माझ्या पाठीमागे. स्क्रीनवर एका चौकोनात साहेब आणि दुसऱ्यात आम्ही सगळे. आमच्या मागे भिंतीवरची 'कृपया हात लावा' ही पाटी, अक्षरं उलटी. मला हसू आलं. म्हटलं, 'बघा साहेब, तुमच्या कॅमेऱ्यात आमची पाटीसुद्धा उलटी.' तो म्हणाला, 'ती फक्त तुम्हाला उलटी दिसते मॅम. आरशासारखं असतं ते. इकडे सरळ आहे.' मी 'असं का' म्हणाले. अगदी असंच म्हणाले, 'असं का.'

मग मी विचारलं, 'खेळ आवडला? खोलीच्या ऐवजी खेळ चालेल? हात वर!'

सव्वीस हात वर गेले. साहेब 'वॉव' म्हणाला आणि त्यानं फोटो काढला. मी स्क्रीनवर मोजायला लागले. आयुष्यभर समोरच्या पोरांचे हात वाचलेत, मला वेळ लागत नाही. तेवीस उजवे. तीन डावे. पुन्हा मोजले. तेवीस उजवे.

पोरांनी हात नेहमीपेक्षा जास्त वेळ वर धरले होते. पाठीमागे चिडीचूप. मला तेव्हा वाटलं, साहेब आहे म्हणून शिस्त. मी स्क्रीनकडे बघतच म्हटलं, 'खाली.' हात खाली गेले. कोणीतरी 'बाई' असं म्हटलं, अगदी हळू. मी वळले नाही. माझे डोळे भरले होते आणि ते पोरांना दिसू द्यायचे नव्हते.

घरी आले ती तशीच पलंगावर पडले. अकरा वर्षं! दर बुधवारी माठ फोडले, खळ शिजवली, खापरं पुसली, आणि पोरांना दोन मिनिटांचे फुगे आवडले. तेवीसजणांना. मला पोरांचा राग आला, हे कबूल करते. झेंडूवालीचा तर जास्तच. तो दुसऱ्या रांगेतला हात मी स्क्रीनवर नीट बघितला होता. सगळ्यात उंच, सगळ्यात ताठ, उजवा. मनात म्हटलं, तू सुद्धा गं? जा, फुगे उडव.

आणि मी अहवाल लिहिला. दोन दिवसांत, एकटाकी. स्वतःविरुद्ध लिहिण्यात एक नशा असते. आपण किती सरळ, किती निःपक्षपाती, असं प्रत्येक वाक्याला वाटत राहतं. पण खरं सांगू का, मी तो अहवाल रुसून लिहिला. लहान मूल ताट ढकलून देतं ना, 'नको मला, जा,' तसा. खेळांना पाचपैकी पाच दिले. आणि शेवटी, कोणी मागितलं नव्हतं तरी, एक वाक्य घातलं: 'मुलांची पसंती नि:संदिग्ध असून प्रत्यक्ष हाताळणीच्या खोलीची आता गरज उरलेली नाही.' ते वाक्य वाचून कोणीतरी म्हणेल, अहो बाई, असं कसं, अशी मला आशा होती. कोणी म्हटलं नाही. ट्रस्टच्या बैठकीत तेच एक वाक्य वाचून दाखवलं गेलं आणि पाच मिनिटांत निर्णय झाला.

बंब, पायल्या, कुलपं, खापरं पेट्यांत गेली. पेट्या गोदामात, गोदामाला कुलूप. ते बघायला मी गेले नाही. म्हटलं, आपला संबंध संपला. बुधवारी पोरं आली असतील, दाराशी उभी राहिली असतील, हे मनात यायचं. मी टीव्हीचा आवाज वाढवायची. अशी मी. दोन महिने घरात फुगून बसले.

दसऱ्याला चिटणीसांचा फोन आला. 'बाई, डिजिटल कोपऱ्याचं उद्घाटन आहे, टॅबची पूजा आहे, तुम्ही नसाल तर शोभा नाही.' दर दसऱ्याला आम्ही खोलीतल्या वस्तूंची पूजा करायचो, झेंडूवालीची आई, पोर सहावीत यायच्या आधीपासून, फुलांच्या माळा आणून द्यायची. आता टॅबची. बरं, म्हटलं, तोंड दाखवून येऊ. रिक्षा करून गेले.

खोली ओळखू येत नव्हती. रंग पांढराफटक, पत्र्याला आतून छत, पाटी गायब. टेबलावर बारा टॅब ओळीनं, प्रत्येकावर कुंकवाचं बोट, प्रत्येकाला झेंडूची माळ. एकाच्या काचेवर कुंकू सांडलं होतं आणि आमचा शिपाई ते रुमालानं पुसत होता. पोरं आली होती, नवीन सतरंजीवर गप्प बसली होती. आणि समोरच्या भिंतीवर, पाटी होती त्या जागी, एक भलामोठा फोटो फ्रेम करून लावला होता. साहेबानं काढलेला तोच. अहवालाच्या पहिल्या पानावरचा. पुढे मी खुर्चीत, मागे सव्वीस पोरं हात वर करून. खाली अक्षरं: उत्साही प्रतिसाद.

मी तो अहवाल दहा वेळा चाळला होता. पण तळहाताएवढा फोटो, शिवाय मी त्याच्याकडे रागानं बघायची.

झेंडूवाली फुलांची रिकामी टोपली घेऊन दाराशी उभी होती. मला बघून लगेच जवळ आली नाही. मग आली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, 'काय गं, फोटोत तू कुठे आहेस?'

तिनं बोट दाखवलं. 'ही मी.'

दुसरी रांग. सगळ्यात उंच, सगळ्यात ताठ हात. मागे भिंतीवर 'कृपया हात लावा', अक्षरं सरळ. सरळ! मी फोटोकडे बघत राहिले. शाळेतली बाई पोरांसमोर उभी राहून वर्ग वाचते, तसा तो वर्ग पहिल्यांदा माझ्यासमोर होता. झेंडूवालीचा हात डावा होता. तिच्या शेजारणीचा डावा. पुढच्या रांगेतल्या तिघींचा डावा. मी मोजलं. तेवीस डावे. तीन उजवे.

साहेबाचं बोलणं आठवलं. आरशासारखं असतं ते मॅम, ती फक्त तुम्हाला उलटी दिसते. पाटी उलटी दिसली म्हणून मी हसले होते, आणि त्याच चौकोनात पोरांचे हात मोजले होते. मान वळवायची फक्त. एकदा मान वळवायची. हात इतका वेळ वर धरून पोरं त्याचीच वाट बघत होती.

'बाई,' झेंडूवाली म्हणाली. ती फोटोकडे नाही, माझ्याकडे बघत होती. 'आम्ही डावा केला म्हणून खोली बंद केली का?'

'काय?'

'तुम्ही रागावल्या. मंग आल्याच नाय. पोरी म्हन्ल्या, साहेबासमोर डावा करायला नको व्हता. बाई नापास झाल्या आपल्यामुळं.' जरा थांबून म्हणाली, 'आधी मी केला व्हता. माझं बघून त्यांनी केला.'

दोन महिने ही पोर हे डोक्यात घेऊन फुलं तोडत होती. आणि मी घरी तिच्यावर रुसून बसले होते.

'नाही गं, नाही,' मी म्हटलं. 'मी रागावले नव्हते. मला दिसलेच नाहीत तुमचे हात. म्हणजे दिसले, पण उलटे दिसले. मी तुमच्याकडे पाठ करून बसले होते ना. त्या काचेत बघून मोजलं मी.'

तिला ते पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. मोठ्या माणसांचं म्हणणं ऐकून पोरं मान हलवतात, तशी तिनं हलवली. शाळेत हलवते तशी. मग मलाच धीर द्यायचा म्हणून की काय, म्हणाली, 'आता आम्ही उजवाच करतो, बाई. सगळेच. शाळेतपन.'

मी तिचा हात धरायला गेले, तेवढ्यात चिटणीसांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे आले होते. नारळ फुटला, आरती झाली. पाहुण्यांनी टॅबवर बोट फिरवलं, फुगे उडाले, खाली आलं 'पुन्हा नाटक'. सगळे हसले. मग पाहुणे सतरंजीकडे वळून मोठ्या आवाजात म्हणाले, 'काय मुलांनो, आवडलं ना? हात वर!'

या वेळी मी समोर उभी होते. सव्वीस हात वर गेले आणि मी एकेक बघितला. झेंडूवाली माझ्याकडेच बघत होती. सगळे उजवे होते.